शाफ्टाची गल्ली

पहिल्या दिवशी जिनिंगच्या दारात आत्यांनी मला थांबवलं आणि वेणी सोडायला लावली. सासूला मी आत्या म्हणते, आमच्याकडं तसंच म्हणतात. कापसाच्या गाड्या रस्त्यावर रांगेत उभ्या होत्या, ड्रायव्हर लोक बघत होते, आणि त्या माझ्या केसांचा अंबाडा घालत होत्या. अंबाडा इतका घट्ट की कपाळाची कातडी ताणली. त्यावर फडकं बांधलं, पदर कमरेला खोचला आणि वरून माझ्या नवऱ्याचा जुना शर्ट घालून गळ्यापर्यंत बटनं लावली. मग दोन्ही बाह्या ओढून बघितल्या, कुठं काही लोंबतंय का म्हणून.

"एवढं आवळून कामून बांधता?" मी विचारलं.

"आत धूळ लई असती," त्या म्हणाल्या.

शर्ट अंगात घालून आम्ही शेतातही कामाला जायचो, पण तिथं बाह्या कुणी ओढून बघत नव्हतं. धुळीचं कारण मला पटलं नाही. पण मी नवी होते, त्या कितीतरी हंगाम तिथं राबलेल्या, म्हणून त्यांच्यामागं आत गेले.

जिनिंग आमच्या गावापासून चालत जाण्यासारखी होती. वडवणीचा बाजार असला की माणसांनी भरलेल्या जिपा तिच्या दारावरून जायच्या. बाहेरून बघितलं तर नुसतं मोठं पत्र्याचं शेड. आत पाऊल टाकलं की पहिल्यांदा आवाज अंगावर यायचा. कानात नाही, छातीत. मशीनच्या लांबलचक रांगेमागं उंच ओटा होता, त्यावर आम्ही बायका उभ्या राहायचो आणि समोरच्या मशीनमध्ये हातानं कापूस सोडायचो. पुढून रुई निघायची, खाली सरकी पडायची. सगळी रांग एकाच शाफ्टावर चालायची. तो शाफ्ट आमच्या पायाखाली, ओट्याच्या खालच्या बोळात फिरायचा. म्हणजे एक लांब लोखंडी दांडा, आणि त्याच्यावरून प्रत्येक मशीनला गेलेले पट्टे. त्या बोळाला सगळे शाफ्टाची गल्ली म्हणायचे.

गल्लीत सरळ उभं राहता यायचं नाही. वरून गळालेला कापूस आणि धूळ तिथं साचायची, आणि साचली की आग लागायची भीती. म्हणून एका बाईला झाडू घेऊन खाली उतरावं लागायचं. शाफ्ट चालूच असायचा. तो थांबवायचा म्हणजे सगळी रांग थांबवायची, आणि हंगामात रांग थांबवायचं नाव कुणी काढायचं नाही. हे खालचं झाडण्याचं काम आत्यांकडं होतं.

शाफ्टावर आणि पट्ट्यांवर आधी पत्र्याची झाकणं असायची. मी गेले तेव्हा ती नव्हती. पट्टा तुटला की झाकण काढायचं, पट्टा बदलायचा, आणि झाकण परत बसवायला वेळ नाही म्हणून तसंच ठेवायचं, असं करत करत सगळी निघाली होती. मागच्या भिंतीला ती टेकवून ठेवलेली होती. दुपारी आम्ही त्यातलीच दोन-चार आडवी पाडून त्यांच्यावर बसून भाकरी खायचो. ती कशाची आहेत, हे मला बरेच दिवस माहीतसुद्धा नव्हतं.

आत बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून बायकांनी हातांची भाषा केली होती. अंगठा तोंडाकडं नेला की पाणी. कपाळावर आडवा हात म्हणजे मुकादम येतोय. एक बोट हवेत गोल फिरवलं की शाफ्ट. आत्या खाली उतरायच्या आधी माझ्याकडं बघून बोट फिरवायच्या आणि मी मान हलवायची. त्या वर येईपर्यंत माझं लक्ष कापसात नसायचं. ओट्याच्या फळ्यांमधल्या फटीतून त्यांच्या पाठीचा शर्ट दिसायचा, दांड्याच्या कडेकडेनं सरकत जाणारा. तो दिसेनासा झाला की माझे हात थांबायचे आणि मशीन मोकळीच फिरायची.

एकदा भाकरी खाताना शेजारच्या मशीनवरची बाई मला म्हणाली, "तुझ्या जागेवर आदी जी व्हती, तिचं कळलं का काय?"

मला आत्यांनी सांगितलं होतं की त्या पोरीचं लग्न झालं आणि ती पुण्याकडं गेली. मी तेच सांगितलं.

शेजारीण घास हातात धरून माझ्याकडं बघत राहिली. "लग्न?" ती म्हणाली. "आगं, पट्ट्यात हात गेला तिचा. कोपरापून. आंबाजोगाईला नेलती. त्या हाताचं काय झालं असंल ते तुला सांगाया पायजे व्हय?"

आत्या जरा लांब बसून कांदा फोडत होत्या. त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी वर बघितलं नाही.

घरी जाताना मी विचारलं, "आत्या, मला खोटं कामून सांगितलं?"

"खरं सांगितलं असतं तर आली असतीस का?"

"न्हाई."

"मंग?" एवढंच म्हणून त्या पुढं चालायला लागल्या. मला राग आला होता, पण रागापेक्षा भीती मोठी होती. दुसऱ्या दिवशी मी मशीनसमोर उभी राहिले तेव्हा माझा उजवा हात मला माझा वाटेना. मी तो कापसात घालायची आणि झटकन मागं घ्यायची. मुकादम ओट्याच्या टोकाला उभा राहून हसत होता. तळव्यांना फळ्यांची थरथर लागायची. संध्याकाळी घरी येऊन शेणानं सारवलेल्या जमिनीवर उभी राहिले तरी ती थरथर पायात असायची. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, सवय होईल, आईला झाली की.

मला सवय व्हायच्या आधीच ते झालं.

दुपारची भाकरी होऊन आम्ही पुन्हा कामाला लागलो होतो. आत्या खाली उतरल्या. गोळा केलेला कापूस भरायला त्यांना टोपलं पाहिजे होतं, ते वरच राहिलं होतं. मी टोपलं घेऊन गल्लीच्या तोंडाशी गेले आणि वाकून आत बघितलं. त्या माझ्याकडं पाठ करून झाडत होत्या. धूळ जास्त होती म्हणून त्यांनी डोक्याचं फडकं सोडून तोंडावरून घेतलं होतं आणि मागं गाठ मारली होती. गाठीचं एक टोक खांद्यावर लोंबत होतं. मला ते दिसलं. मी बोट फिरवलं, पण त्यांची पाठ होती. मी ओरडले. मला माझाच आवाज ऐकू आला नाही.

त्यांनी मान वळवली आणि ते टोक गेलं.

बघताना असं वाटलं की त्या दांड्याला नमस्कार करतायत. डोकं खाली गेलं, मग आणखी खाली. हातातला झाडू उडून माझ्या पायावर आदळला. मी टोपलं टाकलं, आत घुसले आणि मागून त्यांच्या कमरेला मिठी मारली. मी मागं ओढत होते आणि दांडा पुढं ओढत होता. अंगातलं सगळं बळ लावलं तरी त्या माझ्या हातातून इंचाइंचानं पुढं सरकत होत्या, आणि माझा शर्ट, माझा पदर, माझे केस, सगळं त्या दांड्याच्या वाऱ्यात होतं. त्या क्षणी मनात आलं, आता सोडलं नाही तर मीही जाईन. सोडलं नाही, कारण हात सुटतच नव्हते. ते आवळून बसले होते, माझं ऐकत नव्हते.

मग फडकं फाटलं. जुनं, धुऊन धुऊन विरलेलं कापड होतं. नवं असतं तर आत्या आज नसत्या. आम्ही दोघी मागं भिंतीवर आदळलो. त्यांच्या गळ्याभोवती लाल वळ उठला होता आणि उजव्या कानावरचे केस मुळापासून गेले होते. तोंड उघडं होतं, पण आवाज येत नव्हता. डोक्यावर शाफ्ट फिरतच होता. फडक्याचा तुकडा त्याला चिकटून गरागरा फिरत होता. वरच्या बायकांना काहीच माहीत नव्हतं, त्या कापूस सोडत होत्या.

त्यांना मी ओढत बाहेर आणलं तेव्हा शेजारणीनं बघितलं आणि ती मुकादमाकडं पळाली. मुकादम आला. त्यानं आत्यांकडं बघितलं, गल्लीकडं बघितलं आणि मला म्हणाला, "दवाखान्यात विचारलं तर पायरीवरून पडल्या म्हणायचं. काय?"

त्यानंच जीप बोलावली. गावातल्या डॉक्टरनं हात लावला नाही, थेट अंबाजोगाईला न्या म्हणाला. वाटेत आत्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. जीप खड्ड्यात गेली की त्यांचा गळा घरघरायचा आणि मी त्यांच्या नाकापुढं बोट धरायची. मुकादम ड्रायव्हरशेजारी बसून फोनवर बोलत होता. वळून एकदाही बघितलं नाही.

मोठ्या दवाखान्यात तपासायला एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं वळ बघितला आणि विचारलं, "हे कशानं झालं?"

"पडल्या मॅडम, पायरीवरून," मुकादम माझ्या आधी बोलला.

डॉक्टरीण माझ्याकडं बघायला लागली. मी तोंड उघडणार एवढ्यात आत्यांनी चादरीखालून हात काढला. एक बोट वर केलं आणि हवेत गोल फिरवलं. मग तोच हात गळ्यापाशी नेऊन मूठ आवळली आणि ओढून दाखवलं.

"मशीन?" डॉक्टरीण म्हणाली.

आत्यांनी डोळे मिटून उघडले. "व्हय मॅडम," मी म्हणाले, "जिनिंगचा शाफ्ट. वर झाकण न्हाई." तिनं ते लिहून घेतलं. मुकादम खिडकीतून बाहेर बघत राहिला.

मानेला पट्टा घालून आत्या घरी आल्या. बोलायला लागल्या, पण आवाज बसका झाला तो कायमचाच. मला वाटलं होतं, आता हे काम संपलं. पण मान हलवता यायला लागली तशी एका सकाळी त्यांनी उठून भाकरी बांधली.

"कुठं निघालात?" मी विचारलं.

"कामाला."

"आत्या, मरायचंय का?"

त्या बसक्या आवाजात म्हणाल्या, "आज न्हाई गेले तर परत कदीच जायाची न्हाई. घरात बसून ते डोळ्यापुडून हलंना. तिथं गेल्यावर तरी ते तिथं ऱ्हाईल."

मी त्यांना एकटं सोडणार नव्हते, म्हणून मीही गेले. खरं तर माझी अवस्था त्यांच्यापेक्षा वाईट होती. मधल्या दिवसांत दाराच्या कडीत पदर अडकला तरी मी किंचाळत होते. कुणी मागून हाक मारून खांद्याला हात लावला की अंगाला घाम सुटायचा. झोपेत नवऱ्याचा हात कमरेवर पडला तर मी तो झटकून उठून बसायची आणि तो विचारायचा, काय झालं? काय सांगणार? सांगितलं तर म्हणायचा, आई जाते आणि तू भितेस.

पण आई कशी जाते हे त्यानं बघितलं नव्हतं. मी बघितलं. आत्या गल्लीच्या तोंडाशी जायच्या आणि थांबायच्या. पुन्हा फडकं आवळायच्या. झाडूची दोरी सोडून बांधायच्या. चपलेतला नसलेला खडा काढायच्या. त्यांची पोटरी लुगड्याच्या काठाखाली थडथड उडत असायची. पाय आत पडायचा नाही. मी ओट्यावरून बघायची. मग त्या आत न जाता झाडू लांब करून तोंडाशीच चार फटके मारायच्या आणि वर यायच्या. असं चार-पाच दिवस चाललं. खाली कापूस साचत गेला.

मुकादमाच्या ते लक्षात आलं. तो ओट्यावर आला आणि माझ्या कानाशी ओरडला, "मावशीला जमंना आता. तू उतर."

मी आत्यांकडं बघितलं. त्यांना शब्द ऐकू गेले नव्हते, पण मुकादमाचं बोट त्यांनी बघितलं. माझ्याकडं, मग खाली. मी हातातला कापूस ठेवला आणि ओट्यावरून उतरले, कारण नाही म्हणायची हिंमत माझ्यात नव्हती. झाडू उचलला. गल्लीतून गरम तेलाचा वास येत होता. दांडा चकाकत होता, आणि मला नक्की वाटत होतं की तो मला ओळखतो.

एकदम सगळा आवाज खाली बसायला लागला. एखादी मोठी गाडी चढावर दम सोडते तसा. पट्टे सावकाश झाले, फडफडले आणि थांबले. मी वळून बघितलं. शेडच्या टोकाला मोटरचं बटन होतं, त्याला मजुरांनी हात लावायचा नाही असा नियम होता. आत्या तिथं उभ्या होत्या आणि त्यांचा तळहात लाल बटनावर होता.

एवढी शांतता आत मी कधी ऐकली नव्हती. कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या. पत्र्यावर पारवे घुमत होते, ते रोजच घुमत असणार.

मुकादम धावत गेला. "मावशे, डोकं फिरलं का? सगळी लाइन बंद केली की!"

"झाकणं बसव," आत्या म्हणाल्या.

"काय?"

"झाकणं. ती काय तिकडं भिताडाला. ती बसीव, मग माझी सून उतरंल. न्हाई तर मी हितनं हात काडायची न्हाई."

आवाज फाटका, कुजबुजल्यासारखा, पण शेडमध्ये दुसरा आवाजच नव्हता. प्रत्येक बाईला तो ऐकू गेला. मुकादमानं त्यांचा हात धरायला हात पुढं केला आणि मागं घेतला, कारण शेजारीण ओट्यावरून उतरून आत्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिली होती. तिच्यामागून आणखी बायका उतरल्या. कुणी घोषणा दिल्या नाहीत. सगळ्यांचे चेहरे भ्यालेले होते. एक बाई तर रडत होती आणि रडत रडतच तिथं उभी होती. मीही झाडू घेऊन त्यांच्यात गेले.

जिनिंगचा शेठ आला. कापसाच्या गाड्यांची रांग बाहेर रस्त्यापर्यंत गेलेली, गाडीवाले आत डोकावायला लागले होते. शेठ आधी मुकादमावर ओरडला, मग आमच्यावर. म्हणाला, सगळ्या बायका बदलतो उद्या. आत्यांनी दुसऱ्या हातानं वळ झाकायला मानेवर गुंडाळलेलं फडकं खाली केलं आणि शेठकडं बघत उभ्या राहिल्या. वळ तेव्हा काळा पडला होता. शेठनं तो आधी बघितला नव्हता. त्यानं वळाकडं बघितलं, बाहेरच्या गाड्यांकडं बघितलं आणि पट्टे बदलणाऱ्या फिटरला म्हणाला, "लावून टाक रे ती."

फिटरला ते काम संध्याकाळपर्यंत पुरलं. बऱ्याच झाकणांचे नटबोल्ट हरवले होते, काही वाकली होती, ती आम्ही बसून बसून वाकली होती. त्यानं ती ठोकून सरळ केली. आत्या बटनापाशीच खाली बसून होत्या. शेवटचं झाकण बसल्यावर त्या उठल्या, गल्लीच्या तोंडापाशी गेल्या आणि वाकून आत बघितलं. शाफ्ट दिसत नव्हता. नुसता पत्रा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग त्या बाहेर येऊन भिंतीच्या कडेला गेल्या आणि ओकल्या. मी त्यांची पाठ चोळत राहिले.

दुसऱ्या दिवशी दारात मुकादमानं आत्यांना थांबवलं. तुमचं वय झालं मावशी, आता आराम करा, असं गोड बोलून सांगितलं. आत्यांना हे होणार ठाऊक होतं. त्या परत फिरल्या. मी त्यांच्यामागं निघाले तर मला म्हणाल्या, "तू जा. झाकणं हायत तंवर जा."

तो हंगाम मी पुरा केला. गल्लीत उतरले, रोज उतरले. शाफ्ट पत्र्याखाली असायचा, पण आवाज तोच, थरथर तीच. झाकण आहे हे डोळ्यांना कळायचं, मानेला कळायचं नाही. पाठीमागं कुणीतरी फडक्याचं टोक हळूच धरलंय असं वाटायचं आणि मी मागं हात नेऊन चाचपायची. फिटर पट्टा बदलायला आला की आम्ही सगळ्या काम सोडून त्याच्याकडं बघत बसायचो, तो झाकण परत लावतो की नाही ते. तो चिडायचा, पण लावायचा. पुढच्या वर्षी मी गेले नाही. तिथं आता नव्या मशीन आल्या आहेत, कापूस आपोआप आत जातो, असं शेजारीण सांगते. ती अजून जाते. मी गावात शिवणकाम करते.

आत्यांशी त्या खोट्याबद्दल पुन्हा बोलणं झालं ते फार उशिरा, ज्वारी निवडताना. मी विचारलं नव्हतं, त्यांनीच विषय काढला. म्हणाल्या, "त्या पोरीचा हात गेला तवा मीच व्हते शेजारी. तुला सांगाया गेले असते तर मला पुन्यांदा बघावं लागलं असतं. म्हनून लग्न झालं म्हनले. तसं म्हनलं की मला बी तसंच वाटायचं, कुटंतरी नांदती हाय."

परवा आम्ही नारायणगडाला गेलतो. दर्शन झालं, ऊन होतं, म्हणून रसवंतीवर थांबलो. गर्दी होती आणि रसवाला घाईत होता. मशीनला पुढून काहीच आडोसा नव्हता, आणि तो ऊस पिळून निघालेलं चिपाड दुमडून चरकाच्या तोंडात बोटांनी दाबत होता, लोकांशी बोलत बोलत, मशीनकडं न बघता. त्याच्या मनगटाला देवाचा लांब लाल दोरा बांधलेला होता आणि त्याची टोकं लोंबत होती.

आत्या गर्दीतून वाट काढत पुढं गेल्या आणि त्या फाटक्या आवाजात ओरडल्या, "हात मागं घे! ये बाबा, हात मागं घे आदी!"

लोक हसायला लागले. रसवालाही हसला. "आजी, रोजचं काम हाय माझं," तो म्हणाला.

"बंद कर," आत्या म्हणाल्या. त्यांची पोटरी उडायला लागली होती, मला माझ्या जागेवरून दिसत होती. मी हातातला ग्लास ठेवून त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. "बंद करा दादा," मी म्हणाले. "दोऱ्याची टोकं कापा, मग चालू करा."

तो आमच्या दोघींच्या तोंडाकडं बघत राहिला. काय दिसलं त्याला, कोण जाणे. त्यानं मशीन बंद केली, सुरी घेतली आणि मनगट आमच्यापुढं धरलं. आत्यांनीच दोरा कापला. एकेक टोक ओढून बघत कापायला त्यांना वेळ लागला, आणि तेवढा वेळ मागची सगळी गर्दी रसासाठी उभी होती.